पेनड्राइव्ह लॉक झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

वसमतला आमचं झेरॉक्स, डीटीपी आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हळदीच्या दिवसांत आडतीवरचे मुनीम येतात, जूनमध्ये शाळांचे क्लार्क, लगीनसराईत व्हिडिओ शूटिंगवाले, आणि बारा महिने गाणी भरून घेणारे ट्रॅक्टरवाले. माणसं वेगवेगळी, तक्रार मात्र ठरलेली.

‘दादा, ह्याच्यात गाणेच पडंनात बगा. कालपस्तोर चालू होतं की.’

पेनड्राइव्ह लावला की तो उघडतो, आतलं सगळं दिसतं, गाणी वाजतातही. पण नवीन काही टाकायला गेलं की विंडोज पाटी दाखवतं : ‘द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’. म्हणजे वाचा, पण लिहू नका. असे पेनड्राइव्ह मी इतक्या वेळा हाताळलेत की आता एकाच क्रमानं तपासतो. तो क्रम आणि त्यासाठी बनवलेली छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे एका दमात चालवायच्या हुकमांची फाइल, इथं देतोय.

क्रमाइतकीच एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘लिहू देणार नाही’ असं सांगणारे पाच वेगवेगळे जण असू शकतात : कार्डावरचं बारीक बटण, कॉम्प्युटरवर कोणीतरी लावलेला नियम, विंडोजनं त्या डिस्कवर मारलेला शिक्का, बिघडलेली फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठं आहे ह्याची वही), आणि शेवटी पेनड्राइव्हच्या आतली, लिहिणं-वाचणं सांभाळणारी कंट्रोलर चिप. नकार कोण देतंय हे कळायच्या आत केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड. त्यातले बहुतेक दगड ग्राहकाच्या डेटावर पडतात.

लक्षणं : हे खरंच राइट प्रोटेक्शन आहे का?

दुकानात ‘लॉक झालंय’ म्हणून आलेल्यांपैकी बरेचसे लॉक झालेले नसतात. म्हणून पाटीवरचे शब्द नीट वाचायचे, जमलं तर मोबाइलवर फोटो काढून आणायचा.

फाइल ‘टू लार्ज’ आहे असं म्हणत असेल, तर तो फॅट३२ चा प्रश्न. त्या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला आणि मोकळा असला तरी. लग्नाची अख्खी शूटिंग एका फाइलमध्ये आणणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. डेटा काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की मिटलं. मात्र जुना कारटेप किंवा जुना टीव्ही एक्सफॅट ओळखेलच असं नाही, तेवढं ग्राहकाला आधी विचारा.

‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणत असेल तर परवानगीचा किंवा ऑफिसनं लावलेल्या नियमाचा संशय घ्या. ‘करप्ट अँड अनरीडेबल’ म्हणत असेल तर फाइल सिस्टिम मोडलीय, तिथं लॉकचा संबंध नाही.

व्हिडिओ एडिटिंगवाल्यांची एक खास तक्रार असते : विंडोजवर चालतो, मॅकवर लॉक होतो. तो पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला असतो. मॅक एनटीएफएस वाचतो, पण मुळातच त्यावर लिहीत नाही. पेनड्राइव्हचा काही दोष नाही.

आणि एक फसवं लक्षण. फाइल डिलीट होते, नवीन फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, कसलीही पाटी येत नाही. पण पेनड्राइव्ह काढून परत लावला की जुनं सगळं जागेवर आणि नवीन गायब! भुताटकी वाटते. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट लक्षण हेच. त्याच्याकडे पुढे येतो.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’पुढे भरलेला चौकोन दिसतो म्हणून अर्धा अर्धा तास तिथंच झटणारे मी पाहिलेत. तो चौकोन चांगल्या फोल्डरवरही तसाच दिसतो. त्याला सोडून द्या.

पहिली तपासणी : डोळ्यांनी, फुकट

मेमरी कार्ड ॲडॉप्टरमध्ये किंवा कार्ड रीडरमध्ये असेल तर ॲडॉप्टरच्या डाव्या कडेचं बारीक सरकतं बटण बघा. खाली ‘लॉक’कडे सरकलं असेल तर वर करा. खिशात, पाकिटात, बॅगेत ते आपोआप सरकतं.

गंमत म्हणजे हे बटण कार्डाला आतून कशालाच जोडलेलं नसतं. ते सरकलंय की नाही हे रीडरमधली बारीक पट्टी चाचपून बघते. म्हणून एका रीडरमध्ये लॉक दिसणारं कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये बिनतक्रार लिहू देतं. तसं झालं तर दोष रीडरच्या पट्टीत आहे. बटणाचा तुकडाच तुटून पडला असेल तर त्या खाचेवर सेलोटेपचा छोटा तुकडा चिकटवा, बहुतेक रीडर मानतात. ज्यांनी ऑडिओ कॅसेटच्या वरची भोकं कागदाचा बोळा नाहीतर सेलोटेप लावून बुजवली आणि त्यावर परत गाणी भरली, त्यांना हे नवीन नाही. युक्ती तीच आहे.

छोट्या मायक्रो कार्डावर स्वतःचं असं बटण नसतंच. पेनड्राइव्हवर ते काही मोजक्या, बहुतकरून जुन्या मॉडेलांवर असतं. तरी टोपण काढून चारही बाजूंनी एकदा बघायला काय जातं?

दुसरी : जागा बदला

समोरचा पोर्ट सोडा, हब सोडा, एक्स्टेंशनची वायर सोडा. डेस्कटॉप असेल तर मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. मग दुसऱ्याच कॉम्प्युटरवर लावून बघा, आणि हे टाळू नका. दोन मिनिटांच्या ह्या कामानं निम्मा तपास संपतो. दुसऱ्या मशीनवर लिहू देत असेल तर पेनड्राइव्ह निर्दोष, खोड पहिल्या कॉम्प्युटरमध्ये. दोन्हीकडे तोच नकार असेल तर संशय पेनड्राइव्हवर.

एकदा एका शाळेचे क्लार्क चार पेनड्राइव्ह घेऊन आले. ‘सर, चारी खराब निघाले, दुकानदारानं फसवलं.’ आमच्या मशीनवर चारही उत्तम चालले. शाळेतला कॉम्प्युटर सेकंडहँड होता, आणि आधीच्या मालकानं त्यात बाहेरच्या पेनड्राइव्हवर लिहायची बंदी घालून ठेवलेली. चार पेनड्राइव्हना नावं ठेवण्याआधी एक पेनड्राइव्ह शेजारच्या मशीनला लावला असता तर चक्कर वाचली असती.

तिसरी : आधी डेटा बाहेर काढा

ही तपासणी नाही, पण इथून पुढं ही पायरी गाळून जायचं नाही. राइट प्रोटेक्ट झालेला पेनड्राइव्ह अजून वाचू देतोय, ही त्याची मेहरबानी समजा. पुष्कळ कंट्रोलर मरता मरता एवढंच करतात : ‘नवीन घेणं आता होणार नाही, आहे ते घेऊन जा.’ ती संधी फॉरमॅटच्या नादात घालवू नका.

साध्या कॉपी-पेस्टनं होत असेल तर तसंच करा. मधेच एखादी फाइल अडत असेल तर मी विंडोजमधलंच रोबोकॉपी वापरतो : पेनड्राइव्हचा ड्राइव्ह, मग कुठं ठेवायचं तो फोल्डर, मग /ई, /आर:१, /डब्ल्यू:१. शेवटचे दोन विसरू नका. न अडता पुढं सरकण्यासाठी ते आहेत. ते नाही दिले तर रोबोकॉपी एका अडलेल्या फाइलसाठी ३० सेकंद थांबून परत प्रयत्न करतं, आणि असे प्रयत्न करायची त्याची मूळची मर्यादा १० लाख आहे. म्हणजे दुकान बंद करून घरी गेलात, सकाळी आलात, तरी ते त्याच फाइलवर बसलेलं असेल.

कॉपी झाली की दोन-चार फाइली उघडून बघा. नुसती नावं आली म्हणजे डेटा आला असं नसतं.

चौथी : स्क्रिप्टला विचारू द्या

आता स्क्रिप्ट. ही काहीही दुरुस्त करत नाही, काहीही पुसत नाही, पेनड्राइव्हवर एक अक्षरही लिहीत नाही. फक्त विचारते. हे मुद्दाम आहे. ‘राइट प्रोटेक्शन काढा’ म्हणून फिरणाऱ्या स्क्रिप्टा मी पाहिल्यात. त्यांतल्या काहींमध्ये तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच ‘क्लीन’ असतं, म्हणजे डिस्कचा पार्टिशनचा तक्ताच साफ. आणि डिस्कचा नंबर आधीच लिहून ठेवलेला! लिहिणाऱ्याच्या मशीनवर पेनड्राइव्ह दोन नंबरला असेल, तुमच्या मशीनवर दोन नंबरला तुमची बॅकअपची हार्डडिस्क असेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्डडिस्क होत्या हे लक्षात न घेता, सवयीनं ‘सिलेक्ट डिस्क १’ आणि ‘क्लीन’ मारलं. पेनड्राइव्ह शांतपणे जागेवर, आणि दुसरी हार्डडिस्क कोरी. टेस्टडिस्क नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं पार्टिशन परत सापडलं, पण ती रात्र मी दुकानातच काढली. तेव्हापासून नंबर हातानं टाकायचा नाही, यूएसबीला लागलेलंच फक्त दिसलं पाहिजे, हा नियम.

नोटपॅड उघडा आणि ह्या ओळी लिहा. मी त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, आणि जे शब्द जोडून लिहिलेत ते मध्ये जागा न सोडता जोडूनच.

गेट-डिस्क | व्हेअर-ऑब्जेक्ट बसटाइप -ईक्यू यूएसबी | सिलेक्ट-ऑब्जेक्ट नंबर, फ्रेंडलीनेम, साइझ, इजरीडओन्ली | फॉरमॅट-लिस्ट

रेग क्वेरी एचकेएलएम\सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज

रेग क्वेरी एचकेएलएम\सॉफ्टवेअर\पॉलिसीज\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\रिमूव्हेबलस्टोरेजडिव्हाइसेस /एस

रीड-होस्ट

पहिल्या ओळीतल्या ‘फॉरमॅट-लिस्ट’ला घाबरू नका. तो फक्त उत्तर एकाखाली एक मांडून दाखवायचा हुकूम आहे, डिस्क फॉरमॅट करण्याशी त्याचा संबंध नाही. शेवटची ओळ खिडकी लगेच बंद होऊ नये म्हणून.

फाइल पीएस१ ह्या एक्स्टेंशननं सेव्ह करा. डबल क्लिक केलं तर ती परत नोटपॅडमध्येच उघडेल, म्हणून स्टार्ट मेनूतून पॉवरशेल, म्हणजे विंडोजची हुकूम टाइप करायची खिडकी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. साध्या विंडोजवर स्क्रिप्ट चालवायला मूळचीच मनाई असते. ती तात्पुरती ओलांडण्यासाठी : पॉवरशेल -एक्झिक्युशनपॉलिसी बायपास -फाइल, आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. कायमची मनाई उठवत बसू नका, ती कामाची असते.

विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर गेट-डिस्क हा हुकूमच नाही, तो विंडोज ८ पासून आला. तिथं डिस्कपार्ट हा विंडोजमधलाच डिस्कचा प्रोग्रॅम हातानं चालवावा लागतो, ते पुढे आहे. आणि लॅपटॉपच्या पोटातल्या कार्ड रीडरमध्ये लावलेलं कार्ड यादीत दिसलं नाही तर गोंधळू नका. ते यूएसबी म्हणून नाही, एसडी म्हणून नोंदलेलं असू शकतं. ‘यूएसबी’च्या जागी ‘एसडी’ लिहून परत चालवा.

उत्तर कसं वाचायचं

आधी साइझ बघा. तो आकडा बाइटमध्ये येतो, म्हणून लांबलचक दिसतो. १६ जीबीच्या पेनड्राइव्हला सोळाच्या जरा आतबाहेरचा आणि पुढं नऊ अंकांचा आकडा यायला हवा. तिथं शून्य किंवा काही एमबीच दिसले, किंवा नावाच्या जागी कंपनीचं नाव जाऊन भलतंच काही आलं, तर बाकीचं वाचायची गरज नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

मग ‘इजरीडओन्ली’. ‘ट्रू’ म्हणजे विंडोज ह्या डिस्कला फक्त वाचायची मानतंय. ‘फॉल्स’ म्हणजे डिस्कच्या पातळीवर लॉक दिसत नाही, अडचण फाइल सिस्टिममध्ये, नियमात, किंवा त्या भुताटकीत.

दुसऱ्या ओळीचं उत्तर बहुतेक मशीनवर ‘एरर’ असं येतं, की अशी जागाच सापडली नाही. ही आनंदाची बातमी आहे. ती जागा विंडोजमध्ये मुळात नसते, कोणीतरी तयार करावी लागते. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ही सोय आली, ऑफिसातला डेटा कोणी पेनड्राइव्हवर घालून नेऊ नये म्हणून. तिथं ‘राइटप्रोटेक्ट’ नावापुढे शेवटी १ दिसला, तर त्या कॉम्प्युटरला लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह लॉकच दिसणार. वरच्या क्लार्कसाहेबांच्या शाळेत हाच १ होता.

तिसऱ्या ओळीत ‘डिनाय_राइट’ नावापुढे १ दिसला तर ती ग्रुप पॉलिसीची, म्हणजे ऑफिसनं मशीनवर लावलेल्या नियमांची बंदी. इथं पाटी बहुधा ‘ॲक्सेस डिनाइड’ची येते. ज्या ऑफिसांत बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा पासवर्डनं कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) वापरतात तिथं आणखी एक नियम असतो : बिटलॉकर न लावलेल्या पेनड्राइव्हवर लिहायचं नाही. असा पेनड्राइव्ह लावला की विंडोज स्वतःच ‘आधी एन्क्रिप्ट करा’ म्हणून विचारतं, त्यावरून ओळखू येतं.

पाचवी : कॉम्प्युटरचा नियम काढणं

कॉम्प्युटर तुमचा स्वतःचा असेल तरच. रजिस्ट्री एडिटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज जिथं दिसतात तिथं, स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीतल्या जागेवर जा, ‘राइटप्रोटेक्ट’ची किंमत १ ची ० करा, पेनड्राइव्ह काढून मशीन रीस्टार्ट करा, मग परत लावा. काही बदलण्याआधी ती जागा फाइल मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा, म्हणजे चुकलं तर मागं फिरता येतं.

मशीन बँकेचं, तहसीलचं, परीक्षा केंद्राचं, कारखान्याचं असेल तर हात लावू नका. बंदी तिथं कोणीतरी विचार करून घातलेली असते आणि ती उठवली म्हणून जबाब तुम्हाला द्यावा लागेल. ‘भाऊ, पाचच मिनिटं काढून द्या, साहेब नाहीत तवर’ असं म्हणणारे येतात. मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. त्यांच्या आयटीवाल्याला सांगणं हाच तिथला उपाय.

सहावी : विंडोजचा शिक्का पुसणं

नियम नाही, दोन्ही मशीनवर लॉक, ‘इजरीडओन्ली’ ट्रू. आता विंडोजला सांगून बघायचं. पॉवरशेलमध्ये : सेट-डिस्क -नंबर, मग स्क्रिप्टनं दाखवलेला नंबर, मग -इजरीडओन्ली, मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला जोडून फॉल्स. नंबर टाकायच्या आधी बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क काढून ठेवा. यादीत एकच नाव उरलं की चुकायला जागा राहत नाही.

हेच काम डिस्कपार्टनं : लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि नंबर, मग ॲट्रिब्यूट्स डिस्क. एवढ्यावर थांबा आणि वाचा. मला डिस्कपार्ट इथं जास्त आवडतं, कारण ते दोन वेगळ्या ओळी दाखवतं. ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’ म्हणजे आत्ता ह्या घडीला प्रत्यक्ष काय चाललंय. नुसतं ‘रीड-ओन्ली’ म्हणजे विंडोजनं मारलेला शिक्का आहे की नाही.

दोन्हीपुढे ‘येस’ असेल तर शिक्का विंडोजचा असायची आशा आहे. ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली द्या, परत ॲट्रिब्यूट्स डिस्क देऊन बघा. दोन्ही ‘नो’ झाले तर काम झालं.

पण वरची ओळ ‘येस’ आणि खालची ‘नो’ असेल तर विंडोजचा शिक्का नाहीच, तरीही लिहिता येत नाही. नकार पेनड्राइव्हच्या आतून येतोय. क्लिअर कितीही वेळा द्या, विंडोज ‘सक्सेसफुली’ म्हणेल आणि वरची ओळ ‘येस’च राहील. ह्या एका जोडीवरून मी निकाल देतो. लोक ह्याच जागी दहा-दहा वेळा तीच कमांड मारत बसतात, कारण ‘सक्सेसफुली’ हा शब्द फसवतो.

खात्री करायला दुसरा साक्षीदार हवा असेल तर लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम. दुकानात एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स ठेवलंय ते ह्याचसाठी. पेनड्राइव्ह लावून डीमेसेज (ह्या हुकमानं सिस्टिमचे संदेश दिसतात) बघितलं की कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची ओळ दिसते : ‘राइट प्रोटेक्ट इज ऑफ’ किंवा ‘ऑन’. कर्नल ही गोष्ट स्वतः ठरवत नाही. लावल्या लावल्या पेनड्राइव्हला विचारतं आणि तो जे सांगेल ते लिहून ठेवतं. तिथंही ‘ऑन’ आलं म्हणजे पेनड्राइव्हनं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली. लिनक्सवर ‘ऑफ’ असून थोड्या वेळानं फाइल सिस्टिम ‘रीड-ओन्ली’ केल्याचा संदेश आला, तर तो खुद्द पेनड्राइव्हचा नकार नाही. मोडकी फाइल सिस्टिम बघून लिनक्सनं आपण होऊन हात आवरता घेतलाय. मग पुढची पायरी.

सातवी : फाइल सिस्टिम

ट्रॅक्टरवाल्यांचे आणि जीपवाल्यांचे पेनड्राइव्ह इथं जास्त येतात. टेप चालू असताना चावी फिरवली, करंट गेला, पेनड्राइव्ह तसाच ओढून काढला. वर मे महिन्यात डॅशबोर्डवर दिवसभर उन्हात. हिशेबाची वही अर्धवट लिहून उठून गेल्यासारखं होतं. कुठली फाइल कुठं, ह्याचा मेळ लागत नाही.

चेकडिस्क, म्हणजे सीएचकेडीएसके, मग ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, मग /एफ. हे पेनड्राइव्हवर लिहितं, तुकडे झालेल्या फाइलींची नावं बदलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं. म्हणूनच तिसऱ्या पायरीला डेटा आधी काढायला लावला. ‘व्हॉल्यूम राइट प्रोटेक्टेड आहे म्हणून तपासू शकत नाही’ असं उत्तर आलं तर तुम्ही एक पायरी मागं आहात, सहावीकडे परत जा.

त्यानंतरही अडलं आणि डिस्कची वरची ओळ ‘नो’ असेल, तर मग फॉरमॅट. माझ्याकडे फॉरमॅटचा नंबर आठवा लागतो, बाहेर बहुतेक ठिकाणी पहिला.

ती भुताटकी

स्क्रिप्ट ‘फॉल्स’ सांगते, लिनक्स ‘ऑफ’ सांगतं, कॉपी होते, पण काढून लावलं की काही नाही. इथं पेनड्राइव्ह चक्क खोटं बोलतोय. लिहिलं म्हणतो आणि लिहीत नाही. विंडोज त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतं आणि स्वतःच्या मेमरीतली प्रत तुम्हाला दाखवत राहतं.

पकडायची रीत सोपी. एखादी ५०-१०० एमबीची फाइल टाका, सेफली रिमूव्ह करा, काढा, परत लावा. मग सर्टयूटिल -हॅशफाइल, फाइलचा पत्ता, एसएचए२५६, असं मूळ फाइलवर आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलवर चालवा, हा हुकूम फाइलचा अंगठ्यासारखा ठसा काढतो. दोन्ही लांबलचक उत्तरं तंतोतंत जुळली पाहिजेत. फाइलच नाही, किंवा उत्तर वेगळं, तर त्या पेनड्राइव्हवर इथून पुढं काहीही ठेवू नका. वर लिहिलेल्यापेक्षा आत कमी जागा असलेले नकली पेनड्राइव्हही असेच वागतात : थोडं भरेपर्यंत ठीक, मग नवीन फाइली बिघडलेल्या. ते तपासायला एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. पण तो अख्खा पेनड्राइव्ह भरून बघतो, म्हणून रिकाम्यावरच.

इथं थांबा

नकार कंट्रोलरचा आहे हे सहाव्या पायरीला ठरलं की माझ्या दुकानातलं काम संपतं. आतली फ्लॅश मेमरी पुसून परत लिहिण्याची एक मर्यादा असते. खराब झालेल्या ब्लॉकच्या जागी वापरायला काही ब्लॉक राखीव असतात. ते संपले किंवा कंट्रोलरच्या स्वतःच्या नोंदी बिघडल्या की तो लिहिणं बंद करतो. हा बिघाड विंडोजच्या कुठल्याच कमांडच्या आवाक्यात येत नाही.

कंट्रोलर कंपन्यांची कारखान्यातली सॉफ्टवेअरं नेटवर फिरतात, त्यांनी कधीकधी असा पेनड्राइव्ह परत चालू होतो हेही खरं. सुरुवातीला हौसेनं मी केलंय. पण त्यात आतलं सगळं जातं, चुकीची आवृत्ती पडली तर पेनड्राइव्ह कायमचा जातो, डाउनलोडबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. आणि चालू झालाच तरी थकलेली मेमरी थकलेलीच. त्या पेनड्राइव्हवर मुनीम पुढच्या वर्षीचा हिशेब ठेवणार आणि मी जबाबदार. नाही करत आता. गॅरंटी बाकी असेल तर कंपनीकडे पाठवा. नसेल तर नवा घ्या.

डेटा महत्त्वाचा आहे आणि पेनड्राइव्ह आता वाचूही देत नाही, ‘नो मीडिया’ म्हणतो, साइझ शून्य दाखवतो, लावल्यावर हाताला चटका बसेल इतका तापतो, किंवा सारखा जोडतो-तुटतो : ह्यापैकी एकही असेल तर काढून कागदात गुंडाळून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. नांदेड, संभाजीनगर, नाहीतर पुणे. ते गरज पडली तर चिप उतरवून थेट वाचतात. काम महाग असतं आणि खात्री कोणी देत नाही. काम सुरू करण्याआधी तपासणीचे पैसे किती आणि डेटा नाही मिळाला तर किती, हे विचारून घ्या. तुम्ही आधी जितक्या वेळा लावून बघाल, तितकी त्यांची शक्यता कमी होते.

एक माळकरी मामा गेल्या साली आले होते. गावच्या सप्ताहातली सात-आठ वर्षांची कीर्तनं एकाच पेनड्राइव्हवर, आणि यंदाची टाकायची होती. वरची ओळ ‘येस’, खालची ‘नो’. मी म्हणालो, मामा, ह्याच्यात आता काही बसणार नाही, पण आहे ते सगळं निघतंय. दोन नव्या पेनड्राइव्हवर उतरवून दिलं, एक घरात आणि एक मंदिराच्या कपाटात ठेवा म्हणून. ‘आन् ह्यो जुना?’ त्यांनी विचारलं.

त्याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. लॉक झालेला पेनड्राइव्ह पुसता येत नाही. डिलीट होत नाही, फॉरमॅट होत नाही, म्हणजे आतलं सगळं तसंच राहतं आणि ज्याच्या हाती लागेल तो आरामात वाचतो. मामांच्या कीर्तनांचं कोणी काही वाकडं करणार नाही. पण त्याच जागी आधार कार्डांच्या झेरॉक्स, सातबारे, बँकेचं पासबुक, घरातले फोटो असले तर तो कचऱ्यात टाकू नका, पोराला खेळायलाही देऊ नका. प्लास्टिकचं कवच काढा आणि आतली काळी चिप फोडा, नुसती वायर किंवा पुढचं धातूचं तोंड मोडून भागत नाही. आमच्या काउंटरखाली त्यासाठी हातोडी ठेवलीय. फोडायचं काम ग्राहकानं स्वतःच्या हातानं करायचं, मी फक्त चिप कुठली ते दाखवतो.